हात न लावता वाजणारं वाद्य: घरगुती थेरमिन, तीन चिपची जोडणी

तांब्याची_तार

एकाच सीडी ४०९३ वर उभं राहणारं थेरमिनचं सर्किट सगळीकडे फिरत असतं. चार गेटपैकी दोन ऑसिलेटर, तिसरं मिक्सर, चौथं मोकळं. वाजतं, नाही असं नाही. पण हात लांब नेताना सूर उतरत उतरत एका ठिकाणी टपकन बंद पडतो आणि खर्ज हाती लागतच नाही. म्हणून इथे तीन चिपची जोडणी देतोय, तिन्ही ४०९३ च. दोन आयसी जास्त लागतात, पण मींड खालपर्यंत येते.

तत्त्व थोडक्यात. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह तेरमेन १९२० साली पेट्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) योफ्फे यांच्या संस्थेत वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण करत होते, त्यातून हे वाद्य निघालं. अमेरिकेतलं पेटंट १९२८ चं, आणि १९२९ मध्ये आरसीए कंपनीने ते बाजारात आणलं. गाभा आजही तोच आहे. कानाला न कळणाऱ्या वारंवारितेवर दोन ऑसिलेटर चालतात, एक स्थिर आणि एक अँटेनाला जोडलेला. दोघांच्या वारंवारितेतला फरक तेवढा ऐकू येतो.

अँटेना म्हणजे ४५ सेंटिमीटरची तांब्याची नळी, तिची कपॅसिटी ८ ते १० पीएफ (पिकोफॅरड) धरा. हात जवळ आणल्यावर तीत पडणारी भर अर्धा-एक पीएफची. आपल्या ऑसिलेटरमध्ये सगळं मिळून १२० पीएफ आहे आणि तो ४०० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. अर्धा पीएफ वाढला तरी वारंवारिता दीडेक किलोहर्ट्झने उतरते, म्हणजे गाण्याचा सगळा पल्ला आला. आणि हेच दुखणंही आहे, कारण अर्धा पीएफ म्हणजे हललेली वायरसुद्धा.

चिप क, अँटेनाची: पिन १४ ला ५ व्होल्ट, ७ ग्राउंड. पिन १ थेट १४ ला. पिन २ आणि ३ मध्ये २२ के (किलोओहम), पिन २ आणि ७ मध्ये १०० पीएफ. अँटेना १ के मधून पिन २ ला. पिन ३ वरून ५ आणि ६ ला, आणि बफर झालेला सिग्नल ४ वर. उरलेल्या ८, ९, १२, १३ या इनपुट पिना ग्राउंडला. त्या अधांतरी ठेवू नका, सीमॉसची मोकळी इनपुट मनाला येईल तशी डोलते आणि शेजारच्या गेटला त्रास देते.

चिप ख, संदर्भाची: हीच जोडणी, दोन फरकांनी. अँटेनाऐवजी पिन २ वरून ग्राउंडला १० पीएफ. आणि २२ केच्या जागी १८ के, १० केचा २५ फेऱ्यांचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा बदलता रेझिस्टर) आणि ४७० ओहमचा पॅनेल पॉट असे मालिकेत. क्रम महत्त्वाचा: पिन ३ पासून आधी पॉट, मग प्रीसेट, शेवटी १८ के, आणि तो पिन २ ला अगदी चिकटून. उलटं केलंत तर पॉटच्या वायरी पिन २ च्या अंगावर येतात आणि बटणाला हात लावला की सूर बदलतो.

चिप ग, मिक्सर: क ची पिन ४ इथे पिन १ ला, ख ची पिन ४ इथे पिन २ ला, दोन्ही १ के मधून. बाकी इनपुट ग्राउंडला. पिन ३ वरून १० के मालिकेत आणि तिथून ४.७ नॅनोफॅरड ग्राउंडला, पुन्हा १० के आणि ४.७ नॅनोफॅरड तसेच. या दोन गाळण्यांतून ४०० किलोहर्ट्झ मरतं आणि अडीच व्होल्टची त्रिकोणी लहर उरते. पुढे मालिकेत १ मायक्रोफॅरड, १०० के, आणि १० केचा लॉग व्हॉल्यूम. मग एलएम ३८६ हा ॲम्प्लिफायर.

प्रत्येक चिपच्या पिन १४ ला ५ व्होल्ट स्वतंत्र १०० ओहममधून, आणि पिनेपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड आणि एक १०४ (०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक). हे तिन्ही चिपना. इथे काटकसर नको.

---

झीरो_पीसीबी

वाचनखूण साठवली. दोन गोष्टी जोडतो.

५ व्होल्टसाठी ७८एल०५ हा छोटा रेग्युलेटर वापरणार असाल (तोच पुरे आहे, तिन्ही चिप मिळून जेमतेम काही मिलिअँपिअर खातात), तर त्याच्या पिना मोठ्या ७८०५ च्या उलट असतात. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडे आउटपुट, मध्ये ग्राउंड, उजवीकडे इनपुट. मोठ्या ७८०५ च्या सवयीने लावला की हमखास उलटा बसतो.

दुसरं, दुकानात ४०९३ नाही म्हणून ७४एचसी१३२ हातावर ठेवतात. तोही श्मिट नँडच (चढताना आणि उतरताना वेगळ्या उंबरठ्यावर पलटणारं गेट), पण पिना वेगळ्या: दुसऱ्या गेटची इनपुट ४ आणि ५, आउटपुट ६. ४०९३ मध्ये ४ हेच आउटपुट. वर दिल्याप्रमाणे जोडलंत तर बफरच बसणार नाही. ४०११ च्या पिना जुळतात, पण तो श्मिट नाही. ग च्या जागी चालेल, क आणि ख च्या जागी नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ४०९३ सहज मिळतो. क आणि ख एकाच लॉटचे मागा, दोन्हींवरचा छापील कोड एकच असला पाहिजे. श्मिटचे उंबरठे चिपगणिक बदलतात. फार वेगळे निघाले तर प्रीसेट टोकाला जाऊनही दोन ऑसिलेटर जुळत नाहीत.

---

मिलिहेन्री

जोडणी चांगली आहे, पण आरसी ऑसिलेटरला थेरमिन म्हणताना माझी जीभ अडखळते. वारंवारिता रेझिस्टर, कपॅसिटर आणि श्मिटचे उंबरठे या तिघांवर अवलंबून, आणि उंबरठे तापमानावर आणि सप्लायवर हलतात. ४०० किलोहर्ट्झवर अंशाला १०० पीपीएम (दशलक्षात शंभर) सरक म्हणजे ४० हर्ट्झ. खर्जाच्या सा जवळ ४० हर्ट्झ म्हणजे चार-पाच स्वर इकडचे तिकडे.

कॉइलचा ऑसिलेटर त्यामानाने गुणी. शिवाय अँटेनाच्या मालिकेत मोठी कॉइल घालता येते. मूग कंपनीच्या इथरवेव्ह थेरमिनमध्ये पिच अँटेनाला १० मिलिहेन्रीचे चार चोक (कॉइल) मालिकेत आहेत. ४० मिलिहेन्री आणि ८ पीएफ यांचा अनुनाद २८० किलोहर्ट्झच्या आसपास येतो, ऑसिलेटर त्याच्या जवळच चालवतात. त्यामुळे हाताच्या लहानशा हालचालीचा परिणाम वाढतो आणि मुख्य म्हणजे सप्तकं हवेत बरीचशी समान अंतरावर पडतात. आरसीमध्ये अँटेनाजवळच्या एका वितीत दोन सप्तकं कोंबलेली असतात.

---

तांब्याची_तार

@मिलिहेन्री, ताई, सगळं मान्य. पण नवख्याला १० मिलिहेन्रीचे चार सारखे चोक मिळवा, त्यांची स्वतःची कपॅसिटी तपासा, म्हणून सांगितलं तर तो बासरी विकत घेईल.

सरकेबद्दल: आपण फरक ऐकतो, त्यामुळे दोन्ही ऑसिलेटर सारखेच सरकले तर निम्म्याहून जास्त दुखणं आपोआप कटतं. त्यासाठीच क आणि ख सारख्याच भागांचे, एकाच लॉटच्या चिपचे, एकाच बोर्डावर पण ८-१० सेंटिमीटर अंतरावर. रेझिस्टर मेटल फिल्म, एक टक्क्याचे. आणि १०० पीएफ व १० पीएफ एनपीओ जातीचेच (तापमानाने किंमत जवळजवळ न बदलणारे), डिस्क सिरॅमिकमध्ये डोक्यावर काळा ठिपका असतो ते. पॉलिस्टायरीन मिळाला तर उत्तमच. १०४ वगैरे ज्या सिरॅमिकचे येतात तो माल इथे नको, सोल्डरिंग गन लांबून दाखवली तरी त्याची किंमत बदलते.

आणि चालू केल्यावर दहा मिनिटं थांबा. मग सूर लावा.

---

लुकलुक_एलईडी

एक शंका. ब्रेडबोर्डवर लावलं, शिट्टी येते, पण हात जवळ नेला की सूर चढण्याऐवजी उतरतो, एकदम जवळ नेल्यावर पुन्हा चढतो. अँटेना उलटी जोडली गेली का?

दुसरी शंका, हे सगळं आर्डुइनोवर (मायक्रोकंट्रोलर बोर्डावर) होणार नाही का? ऑसिलेटर एकच, मोजून घ्यायचं आणि सूर काढायचा.

---

बिनतारी

अँटेनाला उलट-सुलट नसतं. तुम्ही शून्याच्या (दोन्ही ऑसिलेटर जुळून सूर बंद होतो त्या जागेच्या) चुकीच्या बाजूला आहात. हात जवळ आला की अँटेनाच्या ऑसिलेटरची वारंवारिता कमी होते. तो आधीच संदर्भाच्या वर असेल तर हाताबरोबर तो संदर्भाकडे उतरत येतो, म्हणून सूर खाली येतो. गाठून पलीकडे गेला की पुन्हा चढतो. प्रीसेट अशा दिशेने फिरवा की सूर खाली येईल, बंद होईल आणि पलीकडे पुन्हा सुरू होईल. आता हात जवळ नेऊन बघा, चढेल. मग पॅनेल पॉटने शून्याच्या अगदी जवळ या, पण बाजू हीच ठेवून. प्रीसेटच्या एका फेऱ्यात सहा-सात किलोहर्ट्झ जातात, त्यामुळे शून्य सहज निसटतं. पाव पाव फेरा फिरवा.

आर्डुइनोचं गणित करा. ४०० किलोहर्ट्झ सरळ मोजायचं आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा आकडा हवा, तर एका मोजणीची पायरी १०० हर्ट्झची पडते. मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ऐकू येईल. पायरी १ हर्ट्झची करायची तर सेकंदभर मोजत बसावं लागतं, तोवर हात कुठल्या कुठे. फरक काढून त्याचा आवर्तनकाळ मोजला तर जमतं, पण मग दोन ऑसिलेटर आणि मिक्सर आलेच की. मधला आर्डुइनो कशाला?

आणि ब्रेडबोर्ड सोडा. शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये दोन-तीन पीएफ असतात आणि टेबलाला धक्का लागला की तेही बदलतात. झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या सोल्डरिंग बोर्डावर), आयसी बेस लावून, पिन २ च्या जोडण्या शक्य तितक्या आखूड.

ऑसिलोस्कोप नसणाऱ्यांसाठी: खिशातला मध्यम लहरींचा रेडिओ घ्या. ४०० किलोहर्ट्झचे हार्मोनिक (पटीतल्या वारंवारिता) ८०० आणि १२०० ला येतात. बोर्डाजवळ रेडिओ ठेवून त्या जागी काटा फिरवला की खरखर गप्प होते किंवा शिट्टी येते, म्हणजे ऑसिलेटर चालू. आधी क चा आयसी बेसमधून काढून ख तपासा, मग उलट. जिथे आकाशवाणी पुण्याचं ७९२ लागतं तिथे आणखी मजा: ख चा प्रीसेट फिरवत न्या, त्या स्टेशनवर शिट्टी खाली येऊन शून्य झाली की तुमचा ऑसिलेटर ३९६ वर आहे. फुकटात कॅलिब्रेशन. फक्त ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास चालवू नका, ती बहुतेक रेडिओंची आतली वारंवारिता आहे. शेजाऱ्यांच्या रेडिओवर सगळ्या स्टेशनांत तुमचीच शिट्टी जाईल.

---

खर्जाचा_षड्ज

मुद्द्याचं कुणी बोलेना, ते अर्थिंग. बॅटरीवर चालणारं छोटं बोर्ड टेबलावर अधांतरी असतं. माणसाच्या शरीराची जमिनीशी कपॅसिटी शंभरेक पीएफ, म्हणजे अर्धा-एक पीएफच्या तुलनेत शरीर जमिनीलाच जोडलेलं समजा. बोर्डाचं ग्राउंड मात्र जमिनीशी जेमतेम काही पीएफने बांधलेलं. मग हात हलवल्यावर अख्खं सर्किट वरखाली होतं, अँटेनाचा परिणाम पातळ पडतो. लोक म्हणतात, ‘पल्ला फक्त चार बोटं आहे, अँटेना मोठी करू का?’ अँटेना तशीच राहू द्या, ग्राउंडला हात लावून बघा. एक हात ग्राउंडला आणि दुसऱ्याने वाजवा: पल्ला लगेच वाढला तर दुखणं हेच.

उपाय साधा. बॅटरीवर असाल तर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा (पाटाएवढा पुरे) पायाखाली घ्या आणि तो बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. बाहेरच्या, तीन पिनांच्या वायरीच्या ॲम्प्लिफायरला जोडणार असाल तर केबलच्या जाळीतून ग्राउंड आपोआप मिळतं, पत्रा काढून टाका. सॉकेटच्या वरच्या भोकात वायर खुपसून अर्थिंग घेण्याचा उद्योग कुणीही करू नका. किती घरांत ते अर्थिंग नुसतं दिखाऊ असतं आणि कुठे उलट जोडलेलं असतं, ते बाहेरून कळत नाही.

मोबाइलच्या चार्जरवरही चालवू नका. दोन पिनांच्या स्विचिंग ॲडॅप्टरमधून ग्राउंडवर गळती येते, पत्र्यावर अनवाणी उभं राहिलात तर मुंग्याही येतील. शिवाय सुराला १०० हर्ट्झचा घोगरेपणा चिकटतो. पेन्सिल सेल सहा, किंवा जुन्या पद्धतीचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा ॲडॅप्टर. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी एलएम ३८६ ला पुरत नाही. स्पीकर जोरात लावला की तिचा व्होल्टेज दर ठोक्याला बसतो.

---

झीरो_पीसीबी

एलएम ३८६ बद्दल. पिन २ आणि ४ ग्राउंड, ३ ला व्हॉल्यूमचा मधला पाय, ६ ला थेट नऊ व्होल्ट (७८एल०५ च्या आधीचे), ५ वरून २२० मायक्रोफॅरडमधून ८ ओहमचा स्पीकर. ५ आणि ग्राउंडमध्ये १० ओहम व ४७ नॅनोफॅरड मालिकेत. पिन ७ वरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. पिन १ आणि ८ मोकळ्या, २० पट वाढ भरपूर झाली. बऱ्याच चित्रांत तिथे १० मायक्रोफॅरड असतो, तो लावलात तर २०० पट होऊन नुसता कर्कश चौकोनी आवाज येईल.

फटफट असा मोटारबोटीसारखा आवाज आला तर पिन ६ च्या बुडाशी २२० मायक्रोफॅरड घाला आणि स्पीकरची ग्राउंड वायर बॅटरीच्या टोकापर्यंत वेगळी न्या. स्पीकरचा प्रवाह ऑसिलेटरच्या ग्राउंडमधून गेला की प्रत्येक ठोक्याला सूर हलतो.

---

लुकलुक_एलईडी

बाजू बदलली, आता नीट चढतो. पण साधारण सव्वाशे हर्ट्झच्या खाली आला की गप्प. बोर्ड अजून तोच आहे, क आणि ख शेजारी शेजारी.

---

तांब्याची_तार

एकाच चिपवाल्यांनाही भेडसावतं ते हेच. दोन ऑसिलेटर जवळच्या वारंवारितेला आले आणि त्यांच्यात थोडी जरी गळती असली, तरी ते एकमेकांच्या तालात ओढले जातात आणि फरक शून्य होतो. गळती जितकी जास्त, तितका गप्प पट्टा रुंद. त्या पट्ट्याच्या तोंडाशी लहरही वाकडी होते, म्हणून बंद पडण्याआधी आवाज खुरटा, करवतीसारखा येतो. तो आला की समजा, लॉक जवळ आहे.

गळतीच्या वाटा तीन. सप्लायमधून: १०० ओहम आणि १०४ चिपच्या पायाशी आहेत का? बोर्डाच्या टोकाला लावलेला १०४ काही कामाचा नाही. हवेतून: क आणि ख लांब न्या आणि मध्ये तांब्याच्या पत्र्याचा किंवा कोऱ्या कॉपर क्लॅडचा (तांबं चढवलेल्या बोर्डाचा) उभा तुकडा ग्राउंडला जोडून लावा. मिक्सरमधून: ग च्या इनपुटातून एकाचा सिग्नल दुसऱ्याकडे मागे झिरपतो. त्यासाठीच बफर गेट आणि १ के आहेत, ते वगळून पिन ३ थेट ग ला नेली असेल तर पहिली तीच सुधारणा.

तपासायची युक्ती: ख ला तात्पुरता वेगळा ५ व्होल्ट द्या, ग्राउंड सामाईक ठेवून. गप्प पट्टा बारीक झाला तर दोष सप्लायचा. झाला नाही तर हवेतला किंवा मिक्सरचा.

४०-५० हर्ट्झपर्यंत खाली आला की पुरे समजा. लहान स्पीकर त्याच्या खाली नाहीतरी काही देत नाही.

---

मिलिहेन्री

अँटेनाचं कुणी लिहिलं नाही. एसी दुरुस्तीवाल्यांकडे पाऊण-एक सेंटिमीटर जाडीची तांब्याची नळी असते, ४५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. तांब्याला सोल्डर धरतं. ॲल्युमिनियमची पडद्याची दांडी घेतलीत तर सोल्डर विसरा, भोक पाडून स्क्रू आणि लग. सैल लग म्हणजे सतत चिरकणारा सूर. नळीवर हीट श्रिंक चढवा: बोट लागलं तर ऑसिलेटर बंद पडणार नाही आणि कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज थेट गेटमध्ये जाणार नाही.

डबा लाकडी किंवा प्लायचा, आतून ॲल्युमिनियम फॉइल लावून ती ग्राउंडला. पण अँटेनाची आतली वायर फॉइलपासून किमान चार-पाच सेंटिमीटर दूर. जवळून गेली तर तिथेच वीस पीएफ वाढतात, पैकी एकही तुमच्या हाताच्या ताब्यात नसतो. अख्खं सर्किट स्टीलच्या डब्यात घातलं तरी चालतं, फक्त अँटेना वर उभी आणि बुडाशी जाड नायलॉनचं वॉशर. गोदरेजच्या कपाटापासून आणि खिडकीच्या गजांपासून मीटरभर लांब बसा. पंखा बंद: वाऱ्याने भागांचं तापमान हलतं आणि सूर हेलकावतो.

---

खर्जाचा_षड्ज

सूर लावायची रीत. वाजवणारा जिथे उभा राहणार तिथेच उभं राहून लावा, शरीरही कपॅसिटीत मोजलं जातं. हात छातीशी घ्या आणि पॉट असा फिरवा की त्या जागी शून्य येईल. तिथून कोपर लांब करत अँटेनाकडे जाताना पहिलं सप्तक मिळालं पाहिजे. तानपुऱ्याचं ॲप लावून सा ची जागा हाताला शिकवा. मागून कुणी चालत गेलं तरी खर्जाचे स्वर हलतात, प्रेक्षक समोर बसवा.

व्हॉल्यूमच्या दुसऱ्या अँटेनाला तिसरा ऑसिलेटर लागतो, तो वेगळ्या धाग्याचा विषय. तोवर डाव्या हातासाठी एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर): ग नंतरच्या १०० केच्या जागी ४७ के आणि एलडीआर मालिकेत, डब्याच्या वर भोक पाडून. हाताची सावली पडली की आवाज कमी. ट्यूबलाइटखाली यात १०० हर्ट्झची थरथर शिरते, उन्हात किंवा बॅटरीच्या टॉर्चखाली नाही.

---

लुकलुक_एलईडी

बफर लावले, मध्ये कॉपर क्लॅडचा तुकडा उभा केला. आता साठ हर्ट्झपर्यंत येतं. एलडीआरला टॉर्च कुठल्या अंतरावर ठेवायचा?

---

खर्जाचा_षड्ज

भोकाच्या वर हातभर उंचीवर, उभा खाली रोखून. एलडीआर काळ्या नळीत दीड-दोन सेंटिमीटर खोल बसवा, म्हणजे खोलीतला बाकीचा उजेड मोजला जात नाही. पूर्ण झाकूनही आवाज शिल्लक राहिला तर व्हॉल्यूमच्या १० केला समांतर ४.७ के लावून बघा.